एमटीबीचं हँडल, स्टेम आणि ग्रिप: आकडे काय सांगतात, निवड कशी करायची

ऑनलाइन दुकानात एमटीबीसाठी, म्हणजे माउंटन बाइकसाठी, हँडल शोधायला गेलं की पहिली ठेच ‘३५’ या आकड्याला लागते. एका स्टेमवर ‘३५ × ३१.८’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘५० × ३५’, आणि हँडलबारवर ‘७८० × ३५ × ३५’. पहिल्या ठिकाणी ३५ ही स्टेमची लांबी आहे. दुसऱ्या ठिकाणी तो स्टेम ज्या दांड्याला आवळायचा त्याची जाडी आहे. तिसऱ्या ठिकाणी एक ३५ जाडीचा आणि दुसरा उंचीचा. सगळे आकडे मिलिमीटरमधलेच, त्यामुळे चुकीची वस्तू घरी येणं अगदी सहज होतं.

ही शोधाशोध बहुतेकांनी हौसेपेक्षा त्रासापायी सुरू केलेली असते. तासाभराच्या राइडनंतर करंगळीला मुंग्या येतात, मनगट दुखतं, किंवा मुरमाच्या उतारावर पुढचं चाक हाताचं ऐकत नाही. दुकानात गेलं की कोणी जेलचे हातमोजे देतो, कोणी नवं हँडल. मला कळकळीने सांगायचंय ते एवढंच, की ग्रिप, स्टेम आणि हँडल या तीन वस्तू मिळून तुमचे हात कुठे असतील हे ठरवतात. त्यातली एक बदलली की बाकी दोघींचा हिशोबही बदलतो. म्हणून सुरुवात फुकटच्या दुरुस्त्यांपासून करायची, मग ग्रिप, मग स्टेम, आणि हँडल सगळ्यात शेवटी.

## तीन वस्तू आणि त्यांची मापं

हँडल म्हणजे आडवा दांडा. फोर्क म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा. त्याची नळी फ्रेममधून वर येते तिला स्टीअरर म्हणतात. स्टेम हा त्या स्टीअररला आणि हँडलला जोडणारा आखूड तुकडा. ग्रिप म्हणजे हँडलच्या टोकांवर चढवलेल्या, हाताने धरायच्या मुठी.

हँडलची रुंदी टोकापासून टोकापर्यंत मोजतात. मधला जाड भाग स्टेममध्ये बसतो, त्याचा व्यास २५.४, ३१.८ किंवा ३५ मिमी असतो. टोकांकडे मात्र एमटीबीचं जवळजवळ प्रत्येक हँडल २२.२ मिमीचं असतं, म्हणून कुठल्याही कंपनीची ग्रिप कुठल्याही हँडलवर चढते. हात धरण्याची जागा मधल्या भागापेक्षा जितकी उंच, तितका हँडलचा राइज. तो बहुधा शून्यापासून ५० मिमीपर्यंत असतो. टोकं स्वाराच्या दिशेने किती अंश वळलेली आहेत, त्याला बॅकस्वीप म्हणतात. बहुतेक एमटीबी हँडलांमध्ये तो ७ ते ९ अंशांच्या आसपास असतो. तुमची मनगटं बाहेरच्या बाजूला दुमडत असतील तर या आकड्याकडे जरूर बघा. एक-दोन अंशांचा फरकसुद्धा मनगटाला जाणवतो.

स्टेमची लांबी स्टीअररच्या मध्यापासून हँडलच्या मध्यापर्यंत मोजायची. त्याला थोडा कोन असतो, साधारण ६ किंवा ७ अंशांचा, आणि बहुतेक स्टेम उलटा करूनही लावता येतो.

## रुंद हँडलने नेमकं होतं काय?

जात्याचा खुंटा वरच्या दगडाच्या कडेला ठोकलेला असतो, मध्याजवळ नसतो. मध्याजवळ असता तर दळताना खांदे भरून आले असते. कडेला असला की जोर कमी लागतो, पण हाताला मोठ्या वर्तुळात फिरावं लागतं. हँडलच्या रुंदीचंही असंच आहे. पुढचं चाक दगडावर आदळून भलतीकडे वळायला लागलं, तर ७२० मिमीऐवजी ७८० मिमीच्या हँडलवर ते सरळ धरायला सुमारे ८ टक्के कमी जोर लागतो. त्याच हिशोबाने, तेवढंच वळण घ्यायला हात थोडे जास्त फिरवावे लागतात. उतारावर हे फायद्याचं ठरतं, कारण हाताच्या बारीक थरथरीने सायकल इकडेतिकडे होत नाही.

रुंदीचा दुसरा परिणाम फारसा कोणी सांगत नाही. हात बाजूला पसरले की पुढची पोच कमी होते, म्हणून शरीर थोडं पुढे आणि खाली झुकतं. कोपरं बाहेर येतात आणि छाती मोकळी होते. उतारावर ही ठेवण उत्तम. पण कंबर आधीच ताणलेली असेल, तर जुना लांब स्टेम तसाच ठेवून रुंद हँडल लावल्यावर पाठ जास्तच कुरकुरणार. हँडल रुंद करायचं तर स्टेम आखूड करायचा, ही जोडी पडली ती यामुळेच.

## मग सगळ्यात रुंद तेच का घेऊ नये?

आजकाल ८०० मिमीची हँडल सर्रास मिळतात. कंपन्या ती एवढी रुंद विकतात, कारण ती कापता येतात आणि कापलेलं पुन्हा जोडता येत नाही. टोकाजवळ कापण्याच्या खुणाही छापलेल्या असतात. ८०० मिमी सगळ्यांना बसतं असा त्याचा अर्थ नाही.

आपल्याकडच्या वाटांचाही विचार करायला हवा. सह्याद्रीतल्या पायवाटा माणसांनी आणि गुरांनी पाडलेल्या आहेत. दोन्ही बाजूंनी कारवी दाटलेली असते, मध्येच दोन झाडं एकमेकांजवळ असतात. हँडलचं टोक फांदीत अडकलं की चाक एका झटक्यात आडवं होतं आणि स्वार पुढे फेकला जातो. अशा वाटांवर ७४० मिमीने जे जमतं ते ७८० ने जमेलच असं नाही.

शरीराचं माप काढायची सोपी रीत आहे. जमिनीवर जोर काढायच्या अवस्थेत या, हात जिथे सहज आणि भक्कम वाटतील तिथे ठेवा, आणि दोन्ही तळव्यांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजायला कोणाला तरी सांगा. तो आकडा चांगली सुरुवात देतो. अंदाजच घ्यायचा तर सव्वापाच फुटांच्या आसपासच्या स्वाराला ७०० ते ७४० मिमी, आणि साडेपाच-पावणेसहा फुटांच्या स्वाराला ७४० ते ७८० मिमी, असं मी सांगेन. खांदे अरुंद असतील तर आणखी कमी. एमटीबी चालवणाऱ्या कितीतरी मुली आणि बायका केवळ सायकलसोबत आलंय म्हणून गरजेपेक्षा रुंद हँडल वर्षानुवर्षं वापरतात. खांद्याच्या मागे सतत दुखणं हे त्याचं एक लक्षण असू शकतं.

कापायची घाई मात्र नको. आधी ग्रिप आणि ब्रेकचे लिव्हर दोन्हीकडे १०-१० मिमी आत सरकवा, मोकळ्या मैदानात चालवून बघा, आणि खात्री पटली की मगच कापा.

## स्टेम आखूड कसे झाले?

माउंटन बाइकिंगचा उगम शोधायला गेलं की कॅलिफोर्नियातली मरिन काउंटी समोर येते. तिथे १९७६ पासून माउंट तामालपायसच्या परिसरात ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यत होऊ लागली. जुन्या, जड, फुगीर टायरच्या सायकली, त्यांना रुंद हँडल आणि मोटरसायकलचे ब्रेक लिव्हर. उतरताना मागच्या हबचा, म्हणजे चाकाच्या मध्यातला, ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि नवं भरावं लागायचं. शर्यतीचं नाव पडलं ते त्यावरून. पुढे जो ब्रीझ, टॉम रिची, गॅरी फिशर अशा मंडळींनी या कामासाठी खास सायकली बांधल्या.

म्हणजे सुरुवात रुंद हँडलनेच झाली होती. मग क्रॉस-कंट्री, म्हणजे चढ-उतार दोन्ही असलेल्या मार्गावरच्या, शर्यती वाढल्या, रोड सायकलिंगची सवय असलेले स्वार आले, आणि चढ जोरात चढण्याला महत्त्व आलं. १९९० च्या दशकात ५६० ते ६०० मिमीचं हँडल आणि १२० ते १५० मिमीचा स्टेम हे अगदी नेहमीचं होतं. चढावर शरीर पुढे लांब झुकलेलं बरं, पण त्याच सायकलवर तीव्र उतार उतरायचा म्हणजे डोकं चाकाच्या पुढे काढून बसल्यासारखं वाटायचं.

उपाय फ्रेममध्ये होता. फ्रेम लांब करायची आणि तेवढाच स्टेम आखूड करायचा. बसण्याची जागा तीच राहते, पण पुढचं चाक स्वाराच्या आणखी पुढे जातं. गॅरी फिशरने १९९० च्या दशकाच्या अखेरीस या दिशेने पाऊल टाकलं. मोंद्राकेर या स्पॅनिश कंपनीने २०१३ च्या मॉडेलमध्ये हा विचार टोकाला नेला आणि अवघ्या १० मिमीचा स्टेम बसवला. आज डोंगरवाटांसाठीच्या सायकलींवर ३५ ते ५० मिमी आणि क्रॉस-कंट्रीवर साधारण ६० ते ८० मिमीचे स्टेम दिसतात.

सोबत फोर्कही जास्त कलता झाला. पूर्वी तो जमिनीशी ७१ अंशांच्या आसपास कोन करायचा. आजच्या डोंगरवाटांच्या सायकलींवर ६४ ते ६६ अंश दिसतात. कलत्या फोर्कची सायकल वेगात सरळ आणि निश्चिंत जाते, मात्र सावकाश चालवताना हँडल जड लागतं. आखूड स्टेम आणि रुंद हँडल या दोघांनी मिळून ते वळवणं सोपं होतं.

## ‘माझ्या जुन्या सायकलला ३५ मिमीचा स्टेम लावला तर?’

हा बेत बऱ्याच जणांच्या मनात असतो. पण आखूड स्टेम चांगला ठरतो तो लांब फ्रेमवर. आपल्याकडे वीस हजारांच्या आत मिळणाऱ्या अनेक एमटीबींची फ्रेम अजून जुन्या धाटणीची, आखूड असते. तिच्यासोबत ८० ते १०० मिमीचा स्टेम येतो आणि हँडल सातशेपेक्षा कमी असतं. अशा सायकलला एकदम ३५ मिमीचा स्टेम लावला तर शरीर मागे येतं आणि पुढच्या चाकावरचं वजन उतरतं. खड्या चढावर पुढचं चाक भरकटतं किंवा सरळ उचललं जातं. मुरमाच्या वळणावर ते घसरतं, कारण त्याला जमिनीवर दाबणारं वजनच उरलेलं नसतं. उभं राहून पेडल मारताना अंग आखडून घ्यावं लागतं आणि आवळ वळणावर गुडघा हँडलला लागतो.

अशा सायकलला २० ते ३० मिमी आखूड स्टेम आणि ४० ते ६० मिमी रुंद हँडल एवढा बदल पुरेसा ठरतो. ९० मिमीच्या जागी ६० किंवा ७० मिमीचा स्टेम लावा, ६६० मिमीच्या जागी ७२० मिमीचं हँडल. तेवढ्यानेही उतारावर हायसं वाटतं.

उलट बाजूने शर्यतवाल्यांचं उदाहरण दिलं जातं. स्वित्झर्लंडचा निनो शर्टर, २०१६ च्या रिओ ऑलिंपिकचा क्रॉस-कंट्री विजेता, खूप खाली झुकलेल्या कोनाचा स्टेम वापरण्यासाठी ओळखला जातो. पण २९ इंची चाकांमुळे हँडल आपोआप उंच जातं, आणि त्याची उंची फार नाही. पुढच्या चाकावर वजन ठेवण्यासाठी त्याला ते खाली आणावं लागतं. पोट, पाठ आणि मांड्या रोज तशा तयार केलेल्या माणसाला ती ठेवण पेलते. रविवारी सकाळी सिंहगडाच्या बाजूला जाणाऱ्याने तिचं अनुकरण केलं तर दुपारपर्यंत मान वळणार नाही.

## करंगळीच्या मुंग्या: खर्चाआधी करायच्या गोष्टी

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होत असेल, तर तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटाच्या जरा पुढे जी नस जाते तिच्यावर दाब येतोय. तिला अल्नर नस म्हणतात. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर दाब दुसऱ्या, मनगटाच्या मधून जाणाऱ्या नसेवर असतो. तिथे बहुधा मनगट वर दुमडल्याने त्रास होतो. कोणती बोटं बधिर होतात हे लक्षात ठेवा, उपाय त्यावर अवलंबून आहे.

हातावर वजन का येतं, हे आधी शोधा. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर शरीर सतत पुढे घसरतं आणि ते अडवायचं काम तळवे करतात. सीट जमिनीला समांतर करा. मग ब्रेक लिव्हर बघा. सायकलवर चालवायच्या अवस्थेत बसा, बोटं सरळ करून लिव्हरवर ठेवा. कोपर ते बोटं एका रेषेत यायला हवीत. सामान्यतः लिव्हर आडव्या पातळीच्या खाली ३० ते ४५ अंशांवर येतो. दुकानातून आलेल्या सायकलींचे लिव्हर पुष्कळदा जमिनीकडे तोंड करून असतात, नाहीतर ग्रिपला अगदी चिकटवलेले. ते थोडे आत सरकवा, म्हणजे तर्जनी लिव्हरच्या बाहेरच्या वाकड्या टोकावर येईल. तिथे कमी जोरात ब्रेक लागतो आणि बाकीची तीन बोटं पकडीला मोकळी राहतात. हात लहान असेल तर लिव्हर जवळ आणायचा बारीक स्क्रू बहुतेक लिव्हरवर असतो. तो कधी फिरवलेलाच नसतो.

यानंतर हँडलची उंची. स्टेमच्या वर रिंगा, म्हणजे स्पेसर, असतील तर त्यातल्या काही खाली घाला, स्टेम तेवढा वर येईल. स्टेम खाली झुकलेला असेल तर उलटा लावा. ७ अंशांचा ६० मिमीचा स्टेम उलटा केला की हँडल जवळजवळ दीड सेंटिमीटर उचललं जातं. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत.

राइड संपून बराच वेळ गेल्यावरही बधिरता राहत असेल, किंवा बटण लावताना, पेला धरताना हातातली ताकद कमी झाल्यासारखी वाटत असेल, तर सायकल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. नस दुखावणं अंगावर काढू नये.

## ग्रिप कशी घ्यायची?

ग्रिप सगळ्यात स्वस्त असते आणि हाताला सगळ्यात जवळ असते. म्हणून खर्चाची सुरुवात तिच्यापासून. साध्या रबरी ग्रिप नुसत्या ओढून चढवतात. पावसाळ्यात त्यांच्या आत पाणी शिरतं आणि नेमक्या उतारावर मूठ गरकन फिरते. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसात सायकल चालवणार असाल तर लॉक-ऑन ग्रिप घ्या, हा माझा आग्रह आहे. तिच्या टोकाला बारीक पट्टा असतो. तो ॲलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने, हँडलवर आवळला की ग्रिप जागची हलत नाही. एकाच बाजूला पट्टा असलेली ग्रिप घेतली तर बाहेरच्या टोकाला, जिथे तळवा टेकतो, कडक धातूऐवजी रबर मिळतं.

सिलिकॉनच्या फोमसारख्या ग्रिप हादरे छान शोषतात आणि वजनाला हलक्या असतात, पण फांद्यांनी आणि पडल्याने लवकर फाटतात. तळहाताला टेकायला पंखासारखा पसरट भाग असलेल्या ग्रिप जर्मनीच्या एर्गोनसारख्या कंपन्यांनी लोकप्रिय केल्या. करंगळीच्या मुंग्यांवर त्या खरोखर उपयोगी पडतात, कारण दाब एका रेषेऐवजी मोठ्या भागावर पसरतो. लांब, बसून केलेल्या राइडला त्या घ्याव्यात. दगडधोंड्यांच्या उतारावर उभं राहून, मूठ सतत हलवत जायचं असेल तर तो पंख अडचणीचा होतो. त्याचा कोनही नीट लावावा लागतो, नाहीतर तो मनगट वर ढकलतो.

जाडी साधारण २८ ते ३४ मिमी मिळते. मूठ नेहमीसारखी वळा. बोटांची टोकं अंगठ्याच्या खालच्या उंचवट्याला जेमतेम लागली तर जाडी बरोबर. तळव्यात रुतली तर ग्रिप बारीक, बरंच अंतर राहिलं तर जाड. जाड म्हणजे आरामशीर असं अनेकांना वाटतं, पण हात लहान असेल तर जाड ग्रिप धरून ठेवायलाच जास्त ताकद लागते आणि उतारावर कोपराखालचे स्नायू भरून येतात.

आपल्या दमट हवेत मऊ रबर काही वर्षांत चिकट होतं. हाताला काळं लागायला लागलं, बोट दाबलं की ठसा राहायला लागला, की धुण्यापुसण्यात वेळ घालवू नका. ग्रिप बदला.

## ३१.८ की ३५? ॲल्युमिनियम की कार्बन?

यावर वाद पुष्कळ होतो, फरक तितका नाही. ३५ मिमी जाडीचं हँडल कडक असतं आणि बऱ्याच स्वारांना ते हाताला जास्तच टणक वाटलं. ३१.८ मध्ये निवड मोठी आहे आणि तुमच्या सायकलवर तोच स्टेम असण्याची शक्यता जास्त. आहे ते ३१.८ असेल तर तेच ठेवा. ७८० मिमीचं ॲल्युमिनियमचं हँडल साधारण ३०० ग्रॅमचं, कार्बनचं २०० ते २५० ग्रॅमचं. तेवढ्या फरकासाठी मोजावे लागणारे पैसे चांगल्या टायरांवर घालवले तर पकड कितीतरी वाढेल.

## तुमच्या सायकलला ते बसेल का?

आधी स्टेम कोणत्या जातीचा आहे ते बघा. बाजूने दोन बोल्टनी स्टीअररला बाहेरून कवटाळलेला आणि वर टोपी असलेला असेल तर तो आजच्या पद्धतीचा. त्यात स्टीअरर बहुतेक २८.६ मिमीचा असतो आणि बाजारातले स्टेम चालतात. स्वस्त आणि जुन्या सायकलींवर स्टेमची दांडी फोर्कच्या आत उतरलेली असते आणि वरच्या एकाच लांब बोल्टने आत पाचर ताणून घट्ट होते. तिथे नवा स्टेम थेट बसत नाही, मधला जोडतुकडा लागतो. दांडीवर कमीत कमी किती आत हवी याची खूण असते. उंचीसाठी ती खूण बाहेर येईल इतकं वर ओढणं म्हणजे वाटेत हँडल हातात येण्याला आमंत्रण.

नवं हँडल रुंद किंवा उंच असेल तर केबल पुरते का बघा. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा. ब्रेकची नळी ताणली जात असेल तर ती बदलल्याशिवाय वापरू नका.

## बसवताना

वरच्या टोपीचा बोल्ट स्टेमला धरून ठेवत नाही, तो फक्त हेडसेटमधला, म्हणजे स्टीअरर ज्यावर फिरतो त्या बेअरिंगमधला, खुळखुळा काढतो. म्हणून आधी टोपीचा बोल्ट हलक्या हाताने, मग चाक आणि स्टेम सरळ रेषेत आणून बाजूचे बोल्ट. सोडताना नेमका उलटा क्रम. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवा. टक-टक जाणवली तर टोपी आणखी थोडी आवळायची आहे. हँडल वळवताना अडखळलं तर ती जास्त आवळली गेली.

समोरच्या झाकणाचे चार बोल्ट तिरक्या जोडीने, थोडेथोडे आवळा. वरची आणि खालची फट सारखी दिसली पाहिजे. काही स्टेममध्ये वरची फट पूर्ण मिटवायची असते, तसं त्यावर लिहिलेलं असतं. बहुतेक स्टेमवर ५ किंवा ६ न्यूटन-मीटर असा आकडा छापलेला असतो. तो आवळण्याचा जोर आहे, आणि तो मोजायला टॉर्क रेंच लागते. कार्बन हँडलला तिच्याशिवाय हात लावू नका. जास्त आवळलेलं कार्बन वरून धडधाकट दिसतं आणि पुढे कधीतरी आदळताना तुटतं.

हँडलची टोकं बंद असलीच पाहिजेत. उघडी नळी पडताना पोटात किंवा मांडीत घुसते. लहान मुलांच्या पोटाला झालेल्या अशा गंभीर दुखापती डॉक्टरांना चांगल्या परिचयाच्या आहेत. घरातल्या मुलांच्या सायकलींची ग्रिप टोकाला फाटून आतली नळी दिसत असेल, तर ती आजच बदला.

पहिल्या एक-दोन राइडनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. मोठं पडणं झालं तर हँडल काढून स्टेमखालचा भाग उजेडात बघा. ॲल्युमिनियम वाकलेलं असेल तर सरळ करून वापरायचं नाही. कार्बनवर चरा, भेग किंवा मऊ लागणारी जागा दिसली तर ते हँडल मोडीत काढायचं.